मायाकाकूंचा ‘आला!’

आमच्या परळच्या चाळीत फुटबॉल म्हणजे मायाकाकू. शिवणक्लास चालवतात, आणि मला ऑफसाइड त्यांनीच शिकवला, जमिनीवर बटणं मांडून. मोठा टीव्ही मजल्यावर फक्त त्यांच्याकडे, म्हणून मॅच असली की आम्ही सगळी पोरं त्यांच्या खोलीत, एकमेकांच्या मांडीवर. गोल झाला की काकू किंचाळणार, "आला!" जसा काही गणपतीच दारात आला.

मग कोरोना. कोणाकडे जायचं नाही. नंतर जर्मनीतल्या मॅच सुरू झाल्या, पण रिकाम्या स्टेडियममध्ये. काकू गॅलरीतून म्हणाल्या, "नूपुर, एकटीने गोल बघायचा म्हणजे एकटीने आरती म्हणायची गं." मला रडूच आलं, खरंच.

मग आम्ही ठरवलं, दारं उघडी टाकायची आणि आपापल्या उंबऱ्यावर मोबाईल घेऊन बसायचं. शनिवारी संध्याकाळी मॅच सुरू. काकूंचा टीव्ही आमच्या मोबाईलच्या अर्धा मिनिट पुढे. आमचा बॉल अजून मध्येच, आणि तिकडून "आला!"

त्या दिवसांत कॉमन नळाला पाणी कधीही यायचं. मजल्याने ऐकलं, "आलं!" बायका बादल्या घेऊन सुटल्या, आमच्यातला शंतनु हंडा घेऊन, आणि चाळीचे सेक्रेटरी गंगाधरकाका अर्ध्या दाढीला साबण तसाच ठेवून कळशीसकट. नळ कोरडा ठाक. सगळे बिनामास्कचे, एकमेकांना चिकटून. मी हसून हसून मेले.

काका हसले नाहीत. गॅलरीत ओरडायचं नाही, फर्मान निघालं.

पुढच्या शनिवारी काकू पदर तोंडात धरून बसल्या. गोल झाला, त्यांचे खांदे फक्त हलले. मग माझ्या मोबाईलवर तोच गोल आला आणि मला काहीच वाटलं नाही यार. हाफटाइमला काकूंनी टीव्ही बंद केला, दार लावून घेतलं.

बस्स. आम्ही सगळे अंतर ठेवून काकांच्या दारासमोर लाइनीत. शंतनु तर जवळजवळ भांडलाच. काका म्हणाले, सगळं जग ‘गोल’ ओरडतं, बाईंनी पण तेच ओरडावं.

मागून काकूंचा आवाज आला, "गोल पोळी असते. ‘आला’ माझाच राहणार. पाणी आलं की तुमचं नाव घेऊ. गंगा धरायला तुमच्याशिवाय आहे कोण?"

काकांनी गंभीर राहायचा खूप प्रयत्न केला. मास्कमधून फुसकन हसू सुटलंच.

आता तर कोरोना पण गेला, तरी खोलीत कोणी बसत नाही. काकू टीव्हीचं तोंड दाराकडे करतात आणि आख्खी गॅलरी बसते, बायका भाजी निवडत, काका पहिल्या खुर्चीवर. मध्येच कोणीतरी ओरडतं, "गंगाधर!" सगळे बादल्यांकडे पळतात. काकू तेवढ्या हलत नाहीत. पेनल्टी असते.