साडूभाऊंच्या गाडीच्या पाट्या

आपली पाठ, आपली भिंत आणि आपल्या गाडीची शेपटी या तीन जागा दुसऱ्याच्या जाहिरातीला फुकट वापरू द्यायच्या नाहीत, या एका तत्त्वासाठी सगळं आयुष्य पणाला लावलेला माणूस उभ्या महाराष्ट्रात एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू असावा, हे माझ्या पत्रिकेत कुठल्या घरात लिहिलंय ते मला अजून सापडलेलं नाही. साडूभाऊ काष्टीला राहतात. साखर कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. म्हणजे कारखान्यातून निवृत्त आहेत, फिटरकीतून नाहीत. त्यांच्या घरी गेलात तर प्रथम काहीतरी चुकल्यासारखं वाटतं आणि काय चुकलंय ते कळायला दोन चहा लागतात. मग लक्षात येतं, की या घरात एकाही वस्तूवर कुणाचं नाव नाही. फ्रिजवर कंपनीची अक्षरं होती तिथे चार गुळगुळीत खळगे आहेत. कॅलेंडर पतसंस्थेचं, पण खालची पट्टी कात्रीनं कापलेली, त्यामुळे प्रत्येक महिना गुडघ्यापासून खाली नसल्यासारखा दिसतो. कापडाच्या दुकानातली पिशवी ते उलटी करून वापरतात. बियाण्याच्या कंपनीनं शेतकऱ्यांना वाटलेली टोपी डोक्यावर असते, पण आतली शिवण बाहेर काढून. "त्यांनी टोपी दिली, मी डोकं द्यायचं का?" असा त्यांचा सवाल असतो, आणि त्याला उत्तर देऊ शकणारा माणूस काष्टीच्या बाजारात अजून आलेला नाही.

लग्नात आहेर आलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, ही आपल्याकडची रीत. आक्कांना, म्हणजे माझ्या मेहुणीला, अशी सव्वीस भांडी आली होती. साडूभाऊंनी कारखान्यातलं ग्राइंडर आणून एका रविवारी सव्वीसच्या सव्वीस मामा, आत्या आणि चुलतचुलत्यांना घासून नाहीसं केलं. त्यात एका तांब्याचा पत्रा इतका पातळ झाला, की तो मामांच्या नावाच्या जागेवरून गळायला लागला. आक्का आजही तो तांब्या तुळशीला पाणी घालायला वापरतात. "माझ्या मामांचं नाव पुसलं, पर मामा झिरपायचे थांबले का?" असं त्या नवऱ्याला ऐकवतात, आणि साडूभाऊ तेवढ्यापुरते परसात निघून जातात.

अशा माणसानं आयुष्यातली पहिली नवी कोरी गाडी घ्यायची ठरवली, हा मोठाच प्रसंग होता. त्यात दोघी बहिणींनी आपसात ठरवून टाकलं, की घ्यायच्या तर दोघींच्या घरी एकदमच, एकाच दुकानातून, एकाच बनावटीच्या आणि एकाच रंगाच्या. कुणाची उजवी, कुणाची डावी, हा प्रश्नच नको. मी नगरला शाळामास्तर. गाड्यांबद्दलचं माझं ज्ञान त्यांना चाकं चार असतात इथपर्यंत येऊन थांबतं, त्यामुळे मी लगेच होकार दिला. दसऱ्याला दोन पांढऱ्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. नंबरही लागोपाठचे, त्यांच्या शेवटी सात, माझ्या शेवटी आठ. शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची हातभर किल्ली आमच्या हातात दिली आणि फोटोसाठी आपल्या फलकासमोर उभं केलं. मी दात दाखवले. साडूभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल काढून मागच्या फलकावरचं दुकानाचं नाव झाकलं आणि मगच फोटो काढू दिला. त्या फोटोत आम्ही चौघं आंघोळीला निघाल्यासारखे दिसतो.

पण खरी ठिणगी पडली ती गाडीच्या मागं गेल्यावर. नंबरपाटीच्या भोवती काळी प्लॅस्टिकची चौकट होती आणि तिच्यावर पाटीवरच्या आकड्यांपेक्षाही ठसठशीत अक्षरांत दुकानाचं नाव आणि फोन नंबर. साडूभाऊ खाली वाकले, वाचलं आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"मास्तर, गाडी कुनाची?"

"आपली."

"मग हे कुनाचं बारसं चाललंय?"

त्याच आठवड्यात मला माझ्या गाडीसकट काष्टीला बोलावणं आलं. अंगणात बाज टाकलेली, ड्रिल मशीनची वायर खिडकीतून बाहेर आलेली. हल्ली सरकारी पाटी ज्या कुलपी खिळ्यानं बसवतात तो एकदाच बसतो; तोडला तर पुन्हा लागत नाही आणि नवा शोरूमवाल्यांकडूनच बसवून घ्यावा लागतो. हे मला माहीत नव्हतं. साडूभाऊंना माहीत होतं. पण तीस वर्षं कारखान्याचे रोलर उघडलेल्या माणसाला 'उघडायचं नाही' हे शब्द निमंत्रणासारखे वाटतात. तासाभरात आठ खिळे जमिनीवर पडले, चार चौकटी भिंतीशी टेकल्या आणि चार पाट्या माझ्या हवाली झाल्या. मला काम एकच दिलं होतं, पाट्या सांभाळायच्या. आता सांभाळायचं म्हणजे नुसतं धरून बसायचं, हे माझ्यासारख्या उत्साही माणसाला कसं जमावं? मी बादली मागवली, साबण मागवला, चारही पाट्या चकचकीत धुतल्या, पुसल्या, एकावर एक रचल्या आणि बाजेवर उन्हाला ठेवल्या.

साडूभाऊ स्टीलचे नटबोल्ट घेऊन माझ्या गाडीमागं उकिडवे बसले आणि हात मागं केला. मी वरच्या दोन पाट्या दिल्या. पाटी हातात घेऊन ते क्षणभर थबकले.

"मास्तर, ह्यो नंबर तुमचाच न्हवं?"

इथं एखाद्या शहाण्या माणसानं कागद काढून पाहिला असता. समोरच्या काचेला आतून चिकटवलेल्या सरकारी स्टिकरवर नंबर असतो, तो वाचला असता. पण माझी वीस वर्षं वर्गात गेली आहेत, आणि प्रश्न विचारणाऱ्याला संशय येऊ द्यायचा नाही ही त्या धंद्यातली पहिली विद्या आहे. "अहो, माझा नंबर मला माहीत नाही का?" असं मी म्हणालो. साडूभाऊंनी बोल्ट आवळले. "आता भूकंप आला तरी हलायची न्हाई," असं म्हणून पाटीवर थाप मारली. नंतर दोघांनी लांब उभं राहून दोन्ही गाड्यांकडे पाहिलं. आता त्यांच्यावर कुणाचंही नाव नव्हतं, आणि नंबरही ज्याचा त्याचा नव्हता.

साडूभाऊंची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांनी लूना चालवली, मग मोटारसायकल, मग कुणाकुणाच्या जुन्या जीपा. पण वाहतुकीच्या पोलिसानं त्यांच्या नावानं कधी पावती फाडलेली नाही. याचा त्यांना असा अभिमान, जसा दुसऱ्या कुणाला मुलगा कलेक्टर झाल्याचा असावा. रिकाम्या चौकातही ते डावं-उजवं पाहतात. विहिरीवर जाताना शेताच्या बांधावरून वळतानाही इंडिकेटर देतात, आणि मागं फक्त म्हैस असते. "आपल्या नावावर एक टिंब न्हाई, मास्तर," हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलंय.

तर पंधरा दिवसांनी सकाळी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"मास्तर, लई वंगाळ झालं. माझी गाडी हितं दारात ताडपत्रीखाली उभी हाय, आन् तिनं नगरात सिग्नल तोडला!"

"कुणी?"

"गाडीनं! मोबाईलवर पोलिसांची पावती आलीय, फोटोसकट. कुनीतरी माझ्या नंबरची खोटी पाटी करून हिंडतंय. दरोडा घालील, मानसं उडवील, आन् नाव माझं! मी चाललो श्रीगोंद्याला, ठान्यात तक्रार द्यायला. तुमी फोटो बघा, नगरात कुठं दिसतोय का ह्यो भामटा."

फोटो आला. चौकात लाल दिव्याखालून पुढे गेलेली पांढरी गाडी मागच्या बाजूनं दिसत होती. ड्रायव्हरच्या खिडकीतून एक कोपर बाहेर आलेलं, आणि हातात अर्धवट खाल्लेला पेरू. मागच्या काचेतून बायकोनं विणलेल्या निळ्या उशा दिसत होत्या. मी पायऱ्या उतरून खाली गेलो, समोरच्या काचेवरचा स्टिकर वाचला, पाटी वाचली, आणि पुन्हा स्टिकर वाचला. पेरू गोड होता, एवढं मात्र मला लख्ख आठवलं.

"काय झालं हो?" बायकोनं वरून विचारलं.

"दाजींना भामटा सापडलाय," मी म्हणालो. "त्याला घेऊन काष्टीला जातो."

ते ठाण्यात पोहोचण्याआधी त्यांना गाठणं भाग होतं. मी फोन लावत राहिलो, ते उचलेनात, कारण गाडी चालवताना ते फोन उचलत नाहीत. मग आठवलं, की घरातून निघायच्या आधी अर्धा तास ते गाडी पुसतात आणि तेव्हाही उचलत नाहीत. मी निघालो. दुसऱ्याच्या नंबरावर गाडी चालवणं काय असतं ते त्या रस्त्यावर कळलं. दोन्ही हात चाकावर, वेग बैलगाडीचा, आणि प्रत्येक चौकातल्या पोलिसाकडे पाहून इतकं गोड हसत होतो, की त्यातल्या एकानं मला सलाम ठोकला.

साडूभाऊ अंगणातच सापडले. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल, भोवती शेजारपाजारची चार माणसं. फोटो मोठा करून छापून आणण्यात त्यांची सकाळ गेली होती, आणि आता फिटरनं नकाशावर दाखवावं तसं बोट ठेवून ते सांगत होते, "हात बघा ह्याचा. ह्यो कष्टाचा हात न्हाई. ऐतखाऊ मानूस हाय. पेरू खातोय! लोकाच्या नावावर!"

"साडूभाऊ," मी म्हणालो, "तो हात माझा आहे."

साडूभाऊंनी फोटोकडे पाहिलं, माझ्या कोपराकडे पाहिलं. मग माझ्या गाडीपुढं जाऊन चष्मा वर करून काचेवरचा स्टिकर वाचला, मागं जाऊन पाटी वाचली, ताडपत्री उचलून आपल्या गाडीची पाटी वाचली, आणि येऊन बाजेवर बसले. मी पाट्या धुतल्यापासूनचं सगळं सांगितलं. 'माझा नंबर मला माहीत नाही का' हेही सांगितलं. आक्का दारात उभ्या होत्या. "चार पाट्या, दोन दाढ्या, आन् वाचता एकालाबी येईना," एवढं बोलून त्या चहा ठेवायला गेल्या. शेजारपाजारचे हसत हसत पांगले. साडूभाऊ हसले नाहीत. फाइलीवर हात ठेवून बसले होते. "आपल्या नावावर..." असं म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. ते टिंब त्या दिवशी मला पहिल्यांदा दिसलं, आणि ते मी लावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी दोन्ही गाड्या शोरूमला नेऊन पाट्या बदलून घेतल्या. तिथला मेकॅनिक साडूभाऊंचे नटबोल्ट सोडवताना घामाघूम झाला आणि नवे खिळे बसवताना आमच्याकडे तुरुंगातून हल्लीच सुटून आलेल्या माणसांकडे पाहावं तसं पाहत होता. मग मी पोलिसांसाठी अर्ज लिहिला: चूक माझी, गाडी माझी, सिग्नल मी तोडला, तरी गुन्हा माझ्या नावावर घ्यावा. अर्ज उत्तम उतरला होता, एका उताऱ्याला तर मीच भाळलो. साडूभाऊंनी तो दोनदा वाचला, चार घड्या केल्या आणि खिशात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण तुमचं तीस वर्षांचं..."

"तुमी पोरांम्होरं उभं ऱ्हाता. मला कोन इचारतंय आता?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "आन् पाटी मी बसवली. तुमाला इचारलं, पर काचंवर न्हाई बघितलं. फिटरनं बघाया पाहिजे हुतं."

अर्ज पुन्हा मला दिसला नाही. त्यानंतर मी त्यांच्या तोंडून 'एक टिंब न्हाई' हे वाक्य ऐकलेलं नाही. सुरुवातीला त्या जागी नुसतीच शांतता असे, आणि ती मला फार बोचायची. पुढं एका लग्नात त्यांच्या भोवती माणसं जमलेली पाहिली. सिग्नलची हकीगत चालली होती, पण ती आता त्यांची होती. "नगराच्या चौकात आलो. दिवा लाल. म्हनलं, जाऊ द्या!" शिट्टी वाजली होती, पोलीस मागं धावला होता, पेरू होताच. माझ्या वेळी पोलीस धावला नव्हता. मी घास हातात धरून ऐकत राहिलो; मान वर करून काही सांगावं असं वाटलं नाही.

गेल्या वर्षापासून त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. डॉक्टरांनी गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय, आणि सांगितलं म्हटल्यावर ते चालवत नाहीत. तपासणीसाठी नगरला आणायला मी जातो. ते शेजारी बसतात, पट्टा माझ्याआधी लावतात. परवा त्याच चौकात लाल दिवा लागला. मी पांढऱ्या रेघेच्या हातभर अलीकडे गाडी थांबवली. साडूभाऊंनी डोळे बारीक करून त्या लाल ठिपक्याकडे बराच वेळ पाहिलं; त्यांना तो केवढा दिसत होता कोण जाणे.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "हितंच तोडला हुता मी."

मी मान डोलावली. दिवा हिरवा झाला होता, ते मागच्या टेम्पोनं हॉर्न वाजवला तेव्हा कळलं.