बंगळूरला ‘हाड’ ऐकून आलो

एकोणीसशे पन्नासच्या दशकाची अखेर असेल. बंगळूरहून आमच्या ह्यांच्या मामेभावाचा, रामण्णा भाऊजींचा निरोप आला: रामनवमीला आमच्या गच्चीवर हौशी लोकांचं गाणं असतं, तुम्हीही या. हे नको म्हणाले. मिरजेत गणेशोत्सवात हे गात असताना लोकांनी मधेच टाळ्या पिटून ह्यांना खाली बसवलं होतं, तेव्हापासून पेटी माळ्यावर पडून होती. मी ती उतरवली, पुसली आणि म्हटलं, "गाऊ नका, पण बंगळूर तर बघू."

तिसऱ्या वर्गाने निघालो. जाणाऱ्यांनी दशम्या आणि जाड चादर न्यावी, लोंढ्याजवळ जंगलातून गार वारं येतं. पेटीने बाक अडतो म्हणून शेजारचे कुरकुरतात, त्यांना एक दशमी द्यावी. बंगळूर स्टेशनबाहेर जटका मिळतो, म्हणजे आपला टांगाच. भाडं आधी ठरवून घ्या. चिकपेठेत भाऊजींचं कापडाचं दुकान, वर घर. दारातच म्हणाले, "या वहिनी. आधी स्वल्प कॉफी, मग बाकी." स्वल्प म्हणजे थोडी, पण पेला काठोकाठ भरलेला. तशी कॉफी मला पुन्हा कुठे मिळाली नाही.

संध्याकाळी गच्चीवर सतरंज्या पडल्या. गुळाचं, वेलदोड्याचं गार पानक फिरलं. बँकेतला कारकून व्हायोलिन घेऊन बसला, खालच्या गल्लीतला शिंपी मृदंग. चुकले की दोघं हसायचे आणि तिथूनच पुढे जायचे. गाण्यात इतकी खूश माणसं मी पाहिली नव्हती. ते बघून ह्यांनी आपणहून पेटी पुढे ओढली. इथेही फजिती झाली असती, तर ती पेटी पुन्हा कधी उघडली नसती.

हे एक ओळ गायले आणि खाकरायला थांबले. समोर बसलेल्या शेजारच्या कमलाक्का म्हणाल्या, "हाडु." मागून तिघाचौघांनी सूर धरला, "हाडी, हाडी."

ह्यांनी भाता मिटला. मी तर उठून उभीच राहिले. "भाऊजी, आम्ही काय कुत्री आहोत? इतक्या लांबून बोलावून हाडहाड करताय?"

भाऊजी आधी गोंधळले, मग पोट धरून हसले. "अहो वहिनी, कन्नडात हाडु म्हणजे गा, हाडी म्हणजे गा हो. सगळे गा म्हणताहेत ह्याला."

कमलाक्कांना आमची गल्लत कळली तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. मग ह्यांच्या पाठीवर हात ठेवून मायेनं म्हणाल्या, "हाडप्पा," म्हणजे गा रे बाबा.

हे गायले, एकामागून एक चार भजनं. व्हायोलिनवाल्याला त्यातलं एकही ठाऊक नव्हतं, तरी तो चाचपडत, हसत मागून येत राहिला. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

मिरजेला परतल्यावर पेटी माळ्यावर गेली नाही. पुढे कितीतरी वर्षं, दिवेलागणीला घर गप्प वाटलं की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "हाडी." नवे पाहुणे आपल्या चपला शोधायला लागायचे, आणि हे भाता उघडायचे.