काकांचं काकपद

एक 'नाही' मी खाल्लं, आणि त्यापायी देव आमच्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या दारात उभा राहून अख्ख्या मंडळीला धमकी देणार होता. तसा मी वाईट माणूस नाही. पाळकसाहेबांनी दिलेला कागद मी उलटून पाहिला नाही, एवढंच.

आमचे काका दगडी पाट्या कोरतात. घरांच्या, थडग्यांच्या, कोनशिलेच्या. लोक कामावर जाऊन पाट्या टाकतात. काका एकेक पाटी तीन-तीन दिवस कोरतात. छत्तीस वर्षांत त्यांच्या एकाही दगडावर काना-मात्रा इकडची तिकडे झालेली नाही. आणि छत्तीस वर्षांत दुसऱ्या कोणाची एकही चूक ते विसरलेले नाहीत. मी दगडावर खडूने अक्षरं आखून देतो. बी.ए. झालेल्या माणसाला याहून जास्त काय जमणार, असं काकांचं मत आहे.

"चौथीत असताना घरातली लाल पेन्सिल नेलीस," ते दर आठवड्याला म्हणतात, "अजून आणतोयस!"

मंदिराला नवं दार बसलं तेव्हा पाळकसाहेब आमच्या शेडमध्ये आले. दगडाच्या भुकटीवर रुमाल अंथरून बसले आणि म्हणाले, "काका, दारावर नव्या करारातली गोष्ट हवी. ओळ मी सोपी करून लिहिलीय."

"का, जुन्याची मुदत संपली?" काकांनी विचारलं. करार म्हटलं की काकांना भाडेकरूच दिसतो. ते दर रविवारी शेवटच्या बाकावर असतात खरे, पण प्रवचन सुरू झालं की डोळे मिटून चिंतन करतात. चिंतनाचा आवाज पहिल्या बाकापर्यंत येतो.

पाळकसाहेब माणूस चिवट. त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. पहिला करार देवाने दगडी पाट्यांवर दिला, लोकांनी तो मोडला. मग एक संदेष्टा आला, सदा डोळ्यांत पाणी असलेला. तो म्हणाला, देव नवा करार करणार आहे, आणि या खेपेला तो दगडावर नाही, माणसांच्या काळजावर लिहिणार आहे. पुढे प्रभूने स्वतःच्या रक्ताने तो पक्का केला.

"म्हणजे पाट्यांचा धंदा बसला," काका म्हणाले. "आणि ते आमच्याच हातून कोरून घेताय?"

"दगड दाराला, काका. करार आत."

"बरं. कलमं काय?"

"मोठं कलम एकच. झालेली पापं देव पुन्हा आठवणार नाही."

काकांनी छिन्नी खाली ठेवली. "अजिबात? मग लक्षात कोण ठेवणार?"

"कोणीच नाही."

"असं कसं चालेल!" काका म्हणाले. ते खरोखर काळजीत पडले होते.

शनिवारी दुपारी दगड तयार झाला. रविवारी सकाळी पडदा उघडायचा होता. काकू चहा घेऊन आल्या आणि त्यांनी ओळ मोठ्याने वाचली, "तुमची पापे मी पुन्हा आठवणार." मग कप तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "अगं बाई! देवाने विचार बदलला?"

मी खिशातला कागद काढून उलटा केला. मागे एकटंच 'नाही' बसलं होतं, बस चुकलेल्या पाहुण्यासारखं.

काकांनी माझ्या पापांची यादी सुरू केली. पेन्सिलीपासून निघाले, काकूंच्या फुटलेल्या बरणीवरून बारावीच्या गुणांपर्यंत आले आणि तिथे एकदम थांबले. दगडाकडे बघत हळूच म्हणाले, "तीन दिवस कोरतोय रे मी हे. मला एकदाही खटकलं नाही."

"खटकेल कसं?" काकू म्हणाल्या. "तुमचाच स्वभाव लिहिलाय त्यावर."

नवा दगड कोरायला वेळ नव्हता. या दगडावर उजवीकडे पूर्णविराम कसाबसा मावला होता. छत्तीस वर्षांची कोरी पाटी माझ्यामुळे डागाळणार होती.

"काका," मी भीत भीत म्हणालो, "काकपद."

"माझ्या पदावर जाऊ नकोस!"

"तसं नाही हो. शाळेत शब्द राहिला की ओळीत कावळ्याच्या पायासारखी खूण करायची आणि शब्द वर लिहायचा. तिला काकपद म्हणतात."

"म्हणजे काका चुकला, हे गाव रोज वाचणार."

"नाहीतर देव डूख धरून बसलाय, हे वाचणार."

काकांनी ओळीच्या वरची मोकळी जागा बोटांनी मोजली. मग त्यांनी सगळ्यात बारीक छिन्नी उचलली.

रविवारी पडदा सरला. मंडळीने ओळ वाचली, वर चढून बसलेलं 'नाही' वाचलं, आणि खुसफुस सुरू झाली. पाळकसाहेबांनी भाबडेपणाने विचारलं, "अरे, हे 'नाही' कोणाकडून राहिलं होतं?"

माझे कान तापले. काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडात माझं नाव, चौथीची इयत्ता, पेन्सिल, सगळं रांगेत उभं असलेलं मला दिसत होतं. त्यांनी ते एकदम गिळलं.

"आठवत नाही," काका म्हणाले.

काकूंना ठसका लागला. पाळकसाहेब एकदा काकांकडे, एकदा दगडाकडे बघत राहिले आणि हातातलं तयार प्रवचन त्यांनी घडी करून खिशात टाकलं. "मंडळी," ते म्हणाले, "आपल्या ओळीत जागाच नव्हती. देवाने ते वरून घातलं." त्या दिवशी काकांनी चिंतन केलं नाही.

सोमवारी मी नवी कोरी लाल पेन्सिल घेऊन काकांसमोर ठेवली.

"ही कसली?"

"चौथीतली."

"मला नाही आठवत बुवा," म्हणत त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. विसरणं त्यांना दगडापेक्षा जड जात होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "मला आठवते हो! माझी होती ती. करार ह्यांनी केलाय, मी अजून सही केलेली नाही!"

मी धावत जाऊन पेन्सिल काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली, कानामागे खोचली आणि हात पुन्हा पुढे केला.

"आणि शार्पनर?"

तो अजून द्यायचा आहे.