गाठीत राहिलेले दात

कीटकांच्या प्रयोगशाळेत सगळे त्यांना गाठीवाले काका म्हणत. काम होतं पानांवरच्या गाठी चिरायचं. एक किडा पानात अंडं घालतो, पान तिथे फुगतं आणि त्या गाठीत त्याची अळी खाऊनपिऊन सुखी असते. मग बाहेरून एक बारीक गांधीलमाशी येते आणि गाठीत सुई खुपसून आपलं अंडं आत सोडते. तिची अळी मूळ मालकाला खाते आणि घर बळकावते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. नागोबा दिसायला मात्र अगदी गरीब. पांढरा, बिनपायांचा, बिनडोळ्यांचा, तांदळाच्या कणीएवढा. वेगवेगळ्या जातींच्या अळ्या शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटाव्यात. त्यांच्यातला फरक शोधायचा तो जबड्यात, सूक्ष्मदर्शकाखाली.

अडचण अशी की गाठ चिरली तर अळी दिसते, पण जगत नाही. न चिरावी, तर माशी होऊन उडून जाते आणि लहानपणी कशी होती ते कळत नाही. काकांच्या मुलीचंही असंच झालं होतं. ती सहा वर्षांची असताना नवराबायकोचं फाटलं, आई तिला घेऊन दूर देशी गेली, आणि काकांकडे उरली ती सहा वर्षांचीच मुलगी. मोठी होऊन ती कशी दिसते, कशी चिडते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. माणूस तसा तुसडा. सहकारी म्हणत, अळ्यांशी बोलतात तेवढंसुद्धा आमच्याशी बोलत नाहीत. पण संध्याकाळी घराचं कुलूप उघडताना आत कोणीतरी असावं असं त्यांना रोज वाटायचं, आणि रोज वाटलं म्हणून ते काही बोथट होत नव्हतं.

एक दिवस तिचा फोन आला. कामासाठी याच शहरात येतेय, दुपारी प्रयोगशाळेत भेटून जाईन.

दारात एक उंच तरुणी उभी राहिली. काका सवयीने आधी तिच्या दातांकडेच बघत राहिले. तिने ओठ मिटले.

"बसा," काका म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "बस, बस."

ती बसली. हवापाण्याचं बोलून झालं. मग तिने एकदाचं सांगून टाकलं, "मला इथलं काहीच आठवत नाही. खूप प्रयत्न केला. तुमचा चेहरासुद्धा नाही आठवत."

घाव वर्मी बसला. काकांनी मग येत होतं तेच केलं. भोक पडलेली एक गाठ उचलली आणि चिरली.

"ही रिकामी आहे. माशी केव्हाच गेली." कोपऱ्यातून सुईच्या टोकाने त्यांनी चुरगळलेला एक पापुद्रा काढला, पाण्याच्या थेंबात पसरला आणि भिंगाखाली सरकवला. "मोठी होताना ती कात टाकते. जबडा त्या कातीलाच चिकटून राहतो. त्यावरून सांगता येतं, इथे कोण राहत होतं ते."

ती बराच वेळ बघत राहिली. मग डोळा न उचलता म्हणाली, "तुमच्याकडे माझं काही राहिलंय?"

काकांनी खालचा ड्रॉवर उघडला. गाठींच्या बाटल्यांमागे कापूस भरलेली एक छोटी बाटली होती, आणि कापसावर एक दुधाचा दात.

"तुझा पहिला पडलेला. खालचा, पुढचा. सफरचंद खाताना पडला आणि तू घर डोक्यावर घेतलंस."

तिने बाटली उजेडात धरली. जिभेने खालचे दात चाचपून पाहिले आणि ती हसली. काकांनी पुन्हा दातांकडे पाहिलं. या वेळी तिने ओठ मिटले नाहीत.

"घेऊन जा," काका म्हणाले. म्हणताना अगदी जिवावर आलं होतं.

तिने बाटली होती तिथेच ठेवली आणि ड्रॉवर लावून टाकला.

"असू दे इथेच. परत यायला मला काहीतरी निमित्त हवं ना."