वाचनालयात लिनक्स आणायचा बेत

आमच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर एका सकाळी निळी चौकट उगवली. या सिस्टीमला यापुढे नवे अपडेट मिळणार नाहीत, आणि तुमचं मशीन नव्या आवृत्तीला चालण्यासारखं नाही, असं तिच्यात लिहिलं होतं. बंद केली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

मी इथली ग्रंथपाल. लोणावळ्याच्या बाजारातून आत वळलं की चिक्कीवाल्याच्या गोदामावरचा मजला आमचा. आमचे कॉम्प्युटर जुने असले तरी चालत होते. पोरं त्यावर परीक्षेचे फॉर्म भरायची, निवृत्त माणसं रेल्वेची तिकिटं काढायची, आणि आतल्या टेबलावरच्या मशीनवर आमच्या मदतनीस मावशी पुस्तकांची सूची ठेवायच्या.

वाचनालय समितीच्या अध्यक्षांना चौकट दाखवली. ते म्हणाले, "नवीन घ्यायला पैसे कुठे आहेत, मॅडम? यातच काही करता येतंय का बघा. योजना करा, सभेपुढे ठेवू."

मी ते शब्द खरे धरले. माझा भाचा पुण्यात इंजिनिअर आहे. फोनवर तो म्हणाला, "लिनक्स टाक. ही वेगळी सिस्टीम, फुकट आहे, जुन्या मशीनवर पळते, आणि सगळं मराठीत दिसतं." त्यानं सांगितलं तसा पेन ड्राइव्ह तयार केला आणि कोपऱ्यातल्या सगळ्यात रड्या मशीनला लावून पाहिला. सुरू व्हायला चहा पिऊन येईपर्यंत वेळ घेणारं ते मशीन झटकन उघडलं. मेनूत 'धारिका', 'संपादन' असे शब्द दिसले आणि मला उगाचच हसू आलं.

मावशींना हसू आलं नाही. त्या वडिवळ्याच्या. कामशेतहून लोकल धरून रोज यायच्या. तरुणपणी टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि तेव्हापासून मानधनावर इथंच. कायम करायचा विषय दर वर्षी निघायचा आणि दर वर्षी पुढच्या सभेवर जायचा. स्वभाव तिखट. पुस्तक दुमडून आणणाऱ्या सभासदाला त्या जिन्यापर्यंत ऐकवत जायच्या.

"बाई, चालतंय ते मोडू नगा," त्या म्हणाल्या. "माजी बोटं टाइपरायटरला बसल्यात. नवं मला न्हाई जमायचं."

"टाइपरायटरसारखाच कीबोर्ड यात बसवता येतो, मावशी."

"आन् सूची? ती कुटं दिसतीय हितं?"

खरी अडचण तीच होती. सूची टाइप झाली होती ती जुन्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट फक्त जुन्या सिस्टीमवर चालायचा, तोही मशीनच्या मागे फॉन्टच्या कंपनीनं दिलेली खुंटी, म्हणजे डाँगल, खोचलेली असली तरच. लिनक्सवर फाइल उघडली तेव्हा मावशींनी आयुष्यभर टाइप केलेल्या नावांच्या जागी नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसला. त्यांनी पदर तोंडाला लावला. मीही घाबरले.

भाच्यानं फाइल मागवून घेतली आणि एका प्रोग्रॅममधून काढून साध्या, कुठल्याही मोबाइलवर दिसेल अशा मराठीत परत पाठवली. बरंचसं जमलं होतं. पण वेलांट्या आणि रफार सरकले होते. 'किनारा'चं 'कनिारा' झालं होतं, 'धर्म'चं 'धमर्'. एकेक नाव वाचून हातानं दुरुस्त करण्यावाचून इलाज नव्हता.

मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसल्या. "त्यो टाइपरायटरचा कीबोर्ड बसवून द्या. बगू."

मग तो हिवाळा आमचा तसाच गेला. त्या नाव वाचायच्या, मी कपाटातून पुस्तक काढून मुखपृष्ठाशी पडताळायचे. कधी त्यांची चूक निघायची, कधी माझी, आणि दोघी भांडायचो. जी पुस्तकं वर्षानुवर्षं कोणी उघडली नव्हती ती हातात आली. दुपारी त्या डब्यातली इंद्रायणी भाताची मूद माझ्या ताटलीत टाकायच्या आणि शेजारच्या बाकावरच्या पोरांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमी आता लिनक्सवाल्या." पुढे पुढे तर एखाद्या पोराचं काही अडलं की त्या माझ्याआधी उठायच्या. सुरुवातीला माउस कुठे नेऊ, असं मला विचारणाऱ्या बाई त्या.

प्रिंटर अडला, तोही शेवटी चालू झाला. मी योजना लिहून काढली. कुठलं मशीन कधी बदलायचं, कुणाला काय शिकवायचं, सगळं साध्या भाषेत. सूचीही पुरी झाली होती. शोधायच्या जागी 'ओव्या' लिहिलं की ओव्यांची सगळी पुस्तकं समोर यायची. पूर्वी हे कधीच जमलं नव्हतं.

सभेच्या दिवशी मावशींना नवं लुगडं नेसून आलेलं पाहिलं तेव्हाच मला धाकधूक वाटली. सभेत बसायला त्यांना परवानगी नव्हती. त्या बाहेर सूचीच्या टेबलाशी थांबल्या.

अध्यक्षांच्या शेजारी गावातले एक हॉटेलमालक बसले होते. समितीचे ते सभासदही नव्हते. अध्यक्ष म्हणाले, "आनंदाची बातमी आहे. साहेब आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ सगळे कॉम्प्युटर नवे देतायत. सॉफ्टवेअरसकट."

मी म्हणाले, "सर, मी योजना आणलीय. आहेत तीच मशीनं चालतील. आतल्या खोलीत एक चालू ठेवलंय, पाच मिनिटं बघता का?"

"फुकटचं आहे ना ते?" हॉटेलमालकांनी विचारलं.

"हो."

ते हसले. "मॅडम, फुकटच्यावर नाव कोणाचं लावायचं?"

सगळे हसले. चहा आला. योजनेचे कागद कुणीतरी कपबशीखाली सरकवले. मी पुन्हा बोलायला लागले तसे अध्यक्ष हळूच म्हणाले, "आता वाढवू नका. तुमच्या मेहनतीची नोंद घेतलीय." कुठे घेतली ते मला अजून माहीत नाही.

नवी मशीनं आली. सोबत सॉफ्टवेअर बसवणारा माणूस आला. मी त्याला आमची सूची देऊ केली. तो सभ्यपणे म्हणाला, "मराठीचं पॅकेज वेगळं येतं, मॅडम. समितीनं साधं घेतलंय." त्यानं पुस्तकांची नावं इंग्रजी अक्षरांत भरायला दोन माणसं लावली. एक नाव वाचायचा, दुसरा ऐकेल तसं भरायचा, पुस्तक न बघता.

मग सूचीचं काम उरलं नाही, म्हणून मावशीही कामावर उरल्या नाहीत. अध्यक्षांनी मला सांगितलं, "तुम्ही जवळच्या आहात, तुम्हीच सांगा त्यांना."

"मी नाही सांगणार. तुम्ही ठरवलंय, तुम्ही सांगा."

त्यांनी शिपायाकडून फोन करवला. मावशी तेव्हा कामशेत स्टेशनवर उभ्या होत्या. तरीही त्या आल्या. खुर्चीवरची उशी आणि चष्म्याची डबी पिशवीत टाकली.

"मला त्यातलं एक मशीन मिळंल का?" त्यांनी विचारलं. "जुनं. कोपऱ्यातलं. नातीला शिकवीन म्हनते."

मी तशीच अध्यक्षांच्या दुकानात गेले. त्यांना राग आला नाही, उलट समजावून सांगितलं. "बाहेर कुठे ते चालताना दिसलं तर देणगीदारांना काय वाटेल? म्हणजे जुनी चालत होती, असंच होईल ना? सगळी भंगारात द्यायचीत."

परत येऊन मावशींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "व्हय का," एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरल्या. त्यांच्यामागे खाली जावं असं मला वाटलं, पण मी परत टेबलाशी गेले. संध्याकाळी टेम्पो आला. मशीनं पोत्यासारखी आत फेकली गेली, मॉनिटर फुटल्याचा आवाज वर ऐकू आला.

उद्घाटनाला फलकावरचा पडदा सरकवला. हॉटेलमालकांच्या वडिलांचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. पुढच्याच आठवड्यात एक निवृत्त मोटरमन 'ओव्या' शोधत बसले. मशीननं काहीच दाखवलं नाही. ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "आपल्याकडची ती पुस्तकं काढून टाकली का?" मी उठून कपाटातून आणून दिली. रोज दोन-चार वेळा मी अशी उठते.

दुरुस्त केलेली सूची माझ्या वलवणच्या घरच्या कॉम्प्युटरवर आहे. तो मी लिनक्सवर नेला. सूचीत नवं पुस्तक घालायला आता कोणी नाही, त्यामुळे ती जिथं थांबली तिथंच आहे.

वर्षाअखेरी अहवालाचं मुद्रित तपासायला माझ्याकडे आलं. त्यात एक वाक्य होतं, 'या वर्षी वाचनालयाचे प्रथमच संपूर्ण संगणकीकरण झाले.' मी 'प्रथमच' लाल शाईनं खोडलं आणि बाजूला मावशींचा उल्लेख लिहून दिला. छापून आलं तेव्हा 'प्रथमच' तसंच होतं, उल्लेख नव्हता.

अहवाल सगळ्या सभासदांना पोस्टानं जातो. मावशी आजीव सभासद आहेत. त्यांना तो मिळाला असणार. त्यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.