काहिलीतले चौघे
गुऱ्हाळावरून जाताना उकळत्या रसाचा वास आला की मला आमची नाव आठवते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, दसऱ्यानंतर आम्ही चौघे मित्र धरणाच्या पाण्यापलीकडच्या रानात मुक्कामाला निघालो होतो. एकाच्या वडिलांचं गुऱ्हाळ अजून सुरू व्हायचं होतं, म्हणून त्यांची रस उकळायची भलीमोठी पसरट कढई, काहील, आम्ही नावेसारखी पाण्यात सोडली आणि तंबू, तांदूळ, रश्श्याचं पातेलं घेऊन तिच्यात बसलो. काठावर सोनकी पिवळीधमक फुलली होती. मध्यावर काहील गरगर फिरू लागली. मला पोहता येत नव्हतं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. न येणारं लपवायची सवयच लागली होती. शेवटी ओरडलो, "मला पवाय येत न्हाय!" मग शेजारचा हळूच म्हणाला, "मला बी न्हाय." समोर बसलेला काहिलीचा काठ घट्ट धरून म्हणाला, "मला तरी कुठं येतंय?" "आयला, मग कुणाच्या जिवावर बसलासा?" म्हणत गुऱ्हाळवाल्याच्या पोरानं उडी टाकली आणि हसत हसत काहील ढकलत पलीकडे नेली. दुसऱ्या सकाळी उथळ पाण्यात त्यानं आम्हा तिघांना तरंगायला शिकवलं. आता ऑफिसात एखादं काम येत नसलं की मी आधी तेच सांगतो, आणि बहुतेक वेळा शेजारच्या टेबलावरून हळूच आवाज येतो, "मला बी न्हाय."