आमच्या ओटीवरच्या मीटिंगा

किस्से म्हणजे हरभऱ्याचे शेंडे बघा, एक खुडला की चार फुटतात! आमच्या ओटीवर कॉम्प्युटर आल्यापासून तर रोज एक. माझा सुधाकर, सून शैला आणि जुन्नरहून मोटरसायकलवर येणारा सुधाकरचा दोस्त सलीम, तिघं गावच्या दूध डेअरीसाठी प्रोग्राम करत होते. डेअरीनं घेतला तर धंदा इथंच. नाही तर तिघंही पुण्याला नोकरीला! माझा सगळा जीव त्यात अडकलेला.

*

पडद्याचा रंग ठरवायचा होता. शैला म्हणाली निळा, सलीम म्हणाला पांढरा. सुधाकरचा आवाज जन्मापासून मोठा. ओरडला, "हिरवा!"

गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

हिरवा ठरला.

*

सलीमला कुणाला नाही म्हणताच येत नाही.

"बटणं वर पायजेत," सुधाकर म्हणाला. सलीम म्हणाला, "बराबर!"

"खाली बरी," शैला म्हणाली. सलीम लगेच, "भाभी, एकदम बराबर!"

दुसऱ्या दिवशी बघते तर बटणं वरही, खालीही! डेअरीचा माणूस बघायला आलेला, तो खूश: "लई भारी राव! एक बिघडलं तर दुसरं हाय!"

*

एका मीटिंगमध्ये शैला नुसती लिहून घेत होती. मी विचारलं, "का गं, तुझं काय म्हणणं न्हाई?"

"हाय की. आत्या, आज तेवढे शेंगदाण्याचे लाडू द्या. चिकट गुळाचे."

दोघांची तोंडं भरली, तशी ती म्हणाली, "आधी दुधातली फॅट तपासायची, मग दूध मोजायचं. कुणाची हरकत?"

"म्म्म!" सुधाकर म्हणाला.

"ठरलं तर!"

*

डेअरीच्या पंचांना प्रोग्राम कधी दाखवायचा, यावर तर तिघं आठवडाभर भांडले. शेवटी मीच वैतागले, "सोमवारी तरी ओटी मोकळी करा, पावणं यायच्यात!"

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. "सोमवार!"

*

सोमवारी पंच डेअरीत जमले. चेअरमन अण्णा फार बोलत नाहीत. त्यांनी मान हलवली की पंचांनी हात वर करायचे, ही गावची रीत. दूध घालणारी म्हणून मीही अण्णांच्या शेजारी दाराशी बसले.

ऐन वेळी भीतीनं सुधाकरचा घसाच बसला. सलीम आपला गोड आवाजात सांगत राहिला. पंख्याखाली अण्णांचे डोळे मिटले.

"मग, घ्यायचा का प्रोग्राम?" सलीमनं विचारलं.

झोपेत अण्णांची मान खाली गेली. सगळ्यांचे हात वर!

अण्णा दचकून जागे झाले. चौफेर हात बघून घाईनं आपलाही वर केला. मग माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले,

"वैनी, काय मंजूर केलं आपण?"